घाटंजी ते गणपतीपुळे: लेकरांसोबतचा प्रवास आणि झोपेचं गणित

(ज्यांना हा भाग ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी बोललेलं इथे लिहून देतोय. घरातली बोलणी आमच्या वऱ्हाडीतच ठेवली आहेत. समजायला अवघड नाहीत.)

हेडफोन लावून भांडी घासताय की बसमध्ये उभे आहात, माहीत नाही. पण आलात, बरं वाटलं.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "घरी लहान मुलं आहेत, समुद्र पाहायला जायचंय, गाडीनं जायचंय, कसं प्लॅन करू?" योगायोग असा, की या फेब्रुवारीत आम्ही नेमकं तेच करून आलो. घाटंजीहून गणपतीपुळ्याला. गाडीत सहा जण: दादा, वहिनी, आई, मी आणि दादाची दोन लेकरं. मोठी साडेचार वर्षांची, लहाना चौदा महिन्यांचा. आजचा भाग त्या प्लॅनिंगचा. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी दोन वर्षं घरी कुणाला सांगितली नव्हती. ती पण सांगतो.

ज्यांना घाटंजी माहीत नाही त्यांच्यासाठी: यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन. यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटर. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण वर्क फ्रॉम होम मिळालं की घरी पळतो. नकाशावर घाटंजीपासून सरळ रेषा ओढली, तर पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर दोन्ही साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास येतात. म्हणजे आपण बरोबर मधोमध. समुद्र कुठूनच जवळ नाही. आमच्या आईचं वय साठीच्या पुढे, आणि तिचा सगळ्यात लांबचा प्रवास एसटीनं पंढरपूर. समुद्र तिनं फक्त टीव्हीवर पाहिला होता.

आधी तारीख, मग हॉटेल

आमच्याकडे तारीख ऑफिसची सुट्टी बघून ठरत नाही, शेत बघून ठरते. दिवाळीपासून कापसाची वेचणी. जानेवारीत तूर. एप्रिल-मेमध्ये यवतमाळचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात चौदा महिन्यांचं लेकरू गाडीत घालून न्यायची माझी हिंमत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला. म्हणून आमच्यासाठी उरला फेब्रुवारी. तूर घरात आलेली, मोठीच्या शाळेला परीक्षा नाही, कोकणात हवा बरी. तुम्ही पण हॉटेलचे फोटो बघण्याआधी हे करा: घरातल्या प्रत्येकाला ज्या दिवसांत जमत नाही ते दिवस खोडा. जे उरेल ती तुमची तारीख.

तारीख ठरली, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे शीट उघडली. कॉलम: ठिकाण, अंतर, वेळ, टोल, जेवण, शेरा. दादा मागून वाकून बघत होता.

"काऊन बे, एवढं कायले लिहून रायला? गाडी हाय, रोड हाय. रात्री नऊले निंगू. लेकरं मागे झोपून रायतीन. सकाळी डोळे उघडले का समुद्र!"

त्याचा प्लॅन असा होता: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, तिथून समृद्धी महामार्ग आणि मग अलिबाग. कागदावर सुंदर दिसतो. समृद्धी नागपूरपासून मुंबईच्या तोंडापर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून पूर्ण रस्ता खुला. मध्ये सिग्नल नाही, गाव नाही. रात्रभरात पोचतो माणूस.

आणि खरं सांगू, "रात्री निघू, मुलं झोपतील" हा सल्ला तुम्हाला दहापैकी आठ जण देतील. ऐकायला पटतो. मुलं झोपतात हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की त्या वेळी गाडीतल्या सगळ्यांनाच झोप येत असते, आणि त्यात स्टेअरिंगवरचा माणूस पण आला.

दोन वर्षं लपवलेली गोष्ट

१ जुलै २०२३ आठवतंय? नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. रात्री दीडच्या सुमारास. २५ माणसं गेली. आपल्या भागातल्या ज्या पोरांची शिक्षणं-नोकऱ्या पुण्यात आहेत, त्यांच्या प्रत्येक घरात त्या सकाळी फोन वाजले होते. मी अशाच रात्रीच्या बसनं कितीदा आलो-गेलो असेन, मोजदाद नाही. आईनं त्या दिवशी मला तीनदा फोन केला. मी पुण्यात, माझ्या खोलीत, आणि तरी तीनदा.

मी दादाला ते आठवून दिलं. दादा म्हणाला, "ते बसचं झालं. मी काय झोपणाऱ्यातला हाव काय?"

तेव्हा मला सांगावं लागलं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला मी मित्राची गाडी घेऊन पुण्याहून एकटा घरी येत होतो. ऑफिस संपवून रात्री आठला निघालो. दिवसभर मीटिंग, आदल्या रात्री रिलीज, झोप पाच तास. वाटलं, चहा मारत जाऊ. पहाटे चारच्या सुमारास रस्ता रिकामा होता, गाणी चालू होती, काच थोडी उघडी होती. पुढचं मला आठवतं ते थेट खडीचा आवाज. चाकं रस्ता सोडून कडेच्या मुरमावर गेली होती आणि समोर कुणाचं तरी तुरीचं वावर होतं. ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन बंद केलं आणि उजेड होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. घरी सांगितलं, "ट्रॅफिक लागलं."

मी डुलक्या घेत नव्हतो. जांभया पण आल्या नव्हत्या. डोळा कधी लागला ते मला आजही माहीत नाही. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ८४ मीटर. तेवढा रस्ता गाडी एकटीच चालली, मी त्यात नव्हतोच.

दादा काही बोलला नाही. आई दारात तूर निवडत बसली होती, तिनं सूप खाली ठेवलं. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं. एवढंच म्हणाली, "रात्री नाई जायचं. तीन दिवस लागले तं लागू द्या."

तिथून प्लॅन बदलला. शीटमध्ये मी एक नवा कॉलम टाकला आणि तो सगळ्यात पहिला ठेवला: झोप. लेकराची, आणि चालवणाऱ्याची. आज तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. लहान मुलांसोबत अंतर मोजून प्लॅन केला की तो पहिल्याच दिवशी फाटतो.

लहान्याचं घड्याळ

आठवडाभर मी वहिनीला विचारून लहान्याचा दिवस लिहून काढला. सकाळी साडेसहाला उठतो. साडेनऊ-दहाला तासभर झोप. बाराला खिचडी. दीड-दोनला दीड तास झोप. संध्याकाळी पाचनंतर त्याला कुणी बांधून ठेवलेलं चालत नाही, घर डोक्यावर घेतो.

याचा अर्थ गाडी चालायची ती पहाटे साडेपाच ते साडेआठ (पहिला तासभर तो झोपेतच असतो), मग दहाच्या झोपेत, मग दुपारच्या झोपेत. मधले तास थांबायचे. संध्याकाळी पाचच्या आत खोलीत पोचायचं, काही झालं तरी. असं केलं की दिवसाचे सहा-सात तास चालवणं होतं. आपल्या रस्त्यांवर, दर दोन तासांनी अर्धा तास थांबून, त्यात तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर बसतात. त्याहून जास्त बसवायचे असतील तर कुठल्या तरी झोपेतून कापावे लागतात.

दर दोन तासांनी थांबायचं कारण पण सांगतो. एवढ्या लहान बाळाला सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, त्याला बाहेर काढून मोकळं करावं. आणि चालवणाऱ्यालाही तेच लागू. दादा आणि मी, दर थांब्याला अदलाबदल. हा नियम आईच्या हातात दिला होता, त्यामुळे कुणाची "अजून पन्नास किलोमीटर जाऊ दे" म्हणायची हिंमत झाली नाही.

रस्ता कोणता घेतला

हे घड्याळ घेऊन नकाशाकडे बघितलं तेव्हा दुसरा रस्ता दिसला. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्या आर्णीवरूनच जातो! आर्णी, महागाव, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. समृद्धी वाईट रस्ता आहे असं मी म्हणत नाही. दिवसा, टायर आणि हवा तपासून, वेग पाळून जा, छान आहे. पण समृद्धीवर मनात आलं की उतरता येत नाही. लेकराला आत्ताच्या आत्ता उतरायचं असतं. गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर दर वीस-तीस किलोमीटरला चहाची टपरी, मेडिकल, झाडाची सावली सापडते. शिवाय आईला तुळजापूर करायचं होतं.

शेवटी टप्पे असे झाले:

पहिला दिवस: घाटंजी ते लातूर, मध्ये नांदेड. सव्वातीनशेच्या आसपास.
दुसरा दिवस: लातूर ते कोल्हापूर, मध्ये तुळजापूर. साधारण साडेतीनशे.
तिसरा दिवस: कोल्हापूर ते गणपतीपुळे. दीडशेच्या आत-बाहेर, पण त्यात घाट.

जायला साडेआठशेच्या आसपास. तीन रात्री समुद्रावर, येताना पुन्हा तसेच टप्पे. ऐकून मित्र हसले. "जाण्या-येण्यातच सहा दिवस? एवढ्यात बालीला जाऊन येतो माणूस." खरंय. पण आम्ही ठरवलं होतं की रस्ता हा पण ट्रिपचाच भाग धरायचा. नाहीतर ज्यांना एवढे दिवस काढता येत नाहीत, त्यांनी गाडीचा हट्ट सोडावा. रेल्वेनं मुंबई-पुण्यापर्यंत जावं आणि पुढे गाडी करावी. त्यात कमीपणा काही नाही.

मांडीवरचं लेकरू

आता भांडण नंबर दोन. चाइल्ड सीट.

वहिनीचं म्हणणं, "माझ्या मांडीवर जेवढा सुरक्षित राहीन, तेवढा त्या प्लास्टिकच्या खुर्चीत राहीन काय?" दादाचं म्हणणं, आपण लहानपणी जीपच्या मागे लटकून जत्रेला गेलो, काय झालं?

मी गणित मांडलं. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर गाडीतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या चौदा पट जोरानं पुढे जाते. लहान्याचं वजन दहा किलो. म्हणजे वहिनीच्या हातात त्या क्षणी १४० किलोचा जोर. कापसाचं भरलेलं बोद हातानं झेलायचं, तसंच. आईची माया कितीही असू दे, हात तेवढे नसतात. आणि हे ताशी ५० ला. महामार्गावर आपण ५० नं जात नाही.

कायदा पण आहे. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती, कलम १९४ ब: चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. पण दंड भरून विषय मिटतो; मी दंडासाठी सांगत नाहीये.

सीट घेताना तीन गोष्टी बघा. मुलाचं वजन-उंची त्या सीटच्या मर्यादेत बसतं का. तुमच्या गाडीत आयसोफिक्सचे हुक आहेत की बेल्टनं बांधायची आहे. आणि एवढं लहान बाळ असेल तर तोंड मागच्या दिशेला ठेवता येतं का. तशी सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीच लावू नका, मागच्या सीटवरच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रिपच्या दिवशी पहिल्यांदा बसवू नका. आम्ही पंधरा दिवस आधी लावली. पहिल्या दिवशी लहाना घाटंजीच्या बसस्टँडपर्यंत बोंबलत गेला. चौथ्या दिवशी यवतमाळपर्यंत गेला आणि येताना झोपला. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला टाकू नका.

बॅगा, खाणं, मोबाइल

बॅगा दोनच प्रकारच्या करा. एक डिक्कीत, जी खोलीवर गेल्याशिवाय उघडायची नाही. दुसरी पायाशी. पायाशी काय? डायपर, ओले पुसणे, प्रत्येक लेकराचे दोन जोड कपडे, मोठ्यांचा एक एक शर्ट (का ते पुढे कळेल), जुना टॉवेल, पाच-सहा प्लास्टिक पिशव्या, ओआरएस, तापाचं औषध, आणि डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून आणलेला डोस. नांदेडच्या पुढे रात्री ताप आला तर कुठं जायचं, हा प्रश्न घरी बसून सोडवा. प्रत्येक मुक्कामाच्या गावातल्या एका बालरुग्णालयाचा पत्ता मोबाइलमध्ये टाका. आम्हाला लागला नाही. लागला असता तर रात्री दोनला शोधत बसलो नसतो.

खाणं आईकडे होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा. लहान्याची मुगाची खिचडी थर्मासमध्ये. रस्त्यात तिखट-तेलकट मोठ्यांनी खावं, लेकरांनी नाही, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी पोटदुखी टळते.

मोबाइलमध्ये नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा, घाटात रेंज जाते. फास्टॅगमध्ये पैसे बघा. खासगी गाडी असेल आणि वर्षभर फिरणार असाल तर ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास निघालाय, राष्ट्रीय महामार्गांवर २०० फेऱ्यांसाठी; सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता. तुमचा हिशोब मांडून बघा. आणि कार्टून? द्या की. पण सपाट रस्त्यावर. घाटात नाही.

शीट कशी फाटली

आता तुम्हाला वाटेल सगळं ठरल्याप्रमाणे झालं. छे!

पहिल्याच दिवशी, नांदेड. शीटमध्ये होतं: सचखंड गुरुद्वारा, दर्शन आणि लंगर, एक तास. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला ती जागा. आत गेलो, डोक्याला रुमाल बांधले, पंगतीत बसलो. मोठीला ती लांबच लांब पंगत एवढी आवडली, की ती उठायलाच तयार नाही. वाढणाऱ्या एका सरदारजी आजोबांनी तिच्या हातात पोळ्यांची टोपली धरायला दिली. झालं. ती त्यांच्या मागे मागे. लहाना संगमरवरावर रांगतोय. एक तास, दीड तास, दोन तास. मी घड्याळ बघतोय. शीटमधला तो रकाना लाल झालेला मला डोळ्यांसमोर दिसत होता. शेवटी मी मोठीचा हात धरून जरा जोरातच ओढलं आणि ती रडायला लागली.

आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "तू लेकरायले समुद्र दाखवाले आणलं का तुया कागद दाखवाले?"

गप्प बसलो. बरोबरच होतं तिचं. मी रोज कामात अंदाज देताना बफर धरतो, आणि इथे, जिथे एक टीम मेंबर साडेचार वर्षांचा आहे, तिथे शून्य बफर. त्या दिवशी आम्ही लातूरला पाचऐवजी सातला पोचलो. शेवटचा तास लहान्यानं खरंच गाडी डोक्यावर घेतली. तर हा धडा माझ्याकडून फुकट घ्या: शीटमध्ये दिवसाला दोन तास कशासाठीच लिहू नका. रिकामे ठेवा. ते कुणीतरी भरतंच.

तिसऱ्या दिवशी आंबा घाट. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त लागते. लहाना मजेत. मोठीला आम्ही कोल्हापुरातून निघताना हलकं खायला दिलं होतं, दूध दिलं नव्हतं, मोबाइल काढून घेतला होता, काच थोडी खाली, नजर समोर लांब. घाटाच्या आधी आंबा गावात थांबून पाय मोकळे केले. सगळं नियमाप्रमाणे. आणि साखरप्याच्या आधी तिनं माझ्या अंगावर ओकारी काढली. म्हणून म्हटलं, मोठ्यांचा पण एक शर्ट पायाशी ठेवा.

समुद्र आणि कालनिर्णय

पाली, हातखंबा, निवळी करत दुपारी एकला गणपतीपुळ्यात उतरलो. किनाऱ्यावर जाण्याआधी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी बजावलं: इथला किनारा उतरता आहे. लाट येते तेव्हा नाही, परत जाते तेव्हा पायाखालची वाळू नेते. ओहोटी लागली असेल तर पाण्यात उतरायचं नाही, आणि लेकराचा हात एक क्षण सोडायचा नाही. आपल्या भागातली माणसं नदीत-विहिरीत पोहलेली असतात, त्यामुळे वाटतं, आपल्याला येतं की पोहता. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. घोट्याएवढं पाणी, एका लेकराला एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. हा आमचा नियम.

मी भरतीची वेळ बघायला ॲप उघडत होतो. काका म्हणाले, "ते राहू दे. आज तिथी काय?" मी आणि दादा एकमेकांकडे बघतोय. आईनं लगेच सांगितलं, "षष्ठी." तिच्या डोक्यात कालनिर्णय असतंच.

"मग सहाची पाऊणपट करा. साडेचार. साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आमच्याकडे थोडी आधीच. तिथून सहा तासांनी ओहोटी."

किती साधं! भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्र तेवढा उशिरा उगवतो. आणि तिथी चंद्राचीच. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास पाणी मवाळ. नेमकी वेळ ॲपवर किंवा स्थानिकांना विचारून पक्की कराच, पण अंदाज असा बसतो. पुढचे तिन्ही दिवस भरतीचं खातं आईकडे. सकाळी उठली की सांगायची, "आज सप्तमी. सव्वापाच." साठ वर्षं वावरात तिथीवर जगलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघते आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टाइमटेबल सांगते. माझ्या बीटेकला हे कधी कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर सगळे वाळूत बसलो. मोठी बराच वेळ गप्प उभी होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, नळ आला की घरात ओरडा होतो, "सोडलं, सोडलं, हंडे लावा!" तिनं लाटांकडे बघत विचारलं, "काका, एवढं पाणी कोण सोडून रायलं?"

मी काहीतरी पृथ्वी, महासागर असं सुरू केलं. आई मध्येच म्हणाली, "कोणी नाई सोडून रायलं, बाई. थे बंदच होत नाई."

मग पदर खोचून ती स्वतःच उठली, मोठीचा हात घट्ट धरला आणि दोघी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. मागे वहिनीच्या मांडीवर लहाना गाढ झोपला होता. दादानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "रात्रीचं आलो असतो तं आता आपुनही असेच झोपलो असतो."

तो गमतीत म्हणाला. मला मात्र ते तुरीचं वावर आठवलं. काही बोललो नाही.

तर मंडळी, एवढंच. तारीख शेत-शाळा बघून काढा. टप्पे लेकराच्या झोपेनं पाडा. रात्री गाडी चालवू नका, तुम्ही कितीही जागे असलात तरी. सीट पंधरा दिवस आधी लावा. दोन तास रिकामे सोडा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समोरच्या सीटवर बसवा, त्यांना जे माहीत आहे ते कुठल्या ॲपमध्ये मिळणार नाही.

तुमच्या ट्रिपमध्ये काय फाटलं, काय जमलं, मला नक्की कळवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, जो म्हणतो, "रात्री निघू, लेकरं झोपतील." त्याला माझं नाव सांगा, खडीच्या आवाजाची गोष्ट सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि आज रात्री नीट झोपा!